कॉलेज फुटबॉलमध्ये बरोबरी झाली की डिव्हिजन कुणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात. मामेभाऊ कोलंबसला एमएस करतोय, मावसबहीण अटलांटाला असते, आणि दोघांनाही वाटतं की दादाला हे सगळं तोंडपाठ आहे. कारण २००८ ला मी डॅलसजवळ शिकायला होतो, आणि त्या वर्षी टेक्ससमध्ये जो कोणी होता तो टायब्रेकर (बरोबरी झाली की विजेता ठरवायचा नियम) हा शब्द मरेपर्यंत विसरत नाही. म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतोय. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन, बॉल हातात घेऊन पळायचा तो. मेस्सीवाला नाही.

आधी हे सांगा, कॉन्फरन्स काय आणि डिव्हिजन काय?

कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा गट, जो आपलं वेळापत्रक, टीव्हीचे पैसे आणि नियम स्वतः ठरवतो. एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व, एसीसी ही मोठी नावं. पूर्वी आपल्या रणजीत वेस्ट झोन, साउथ झोन असायचे ना, साधारण तसंच समजा, फक्त इथे पैसा कैक पटीने. आणि कॉन्फरन्सचे दोन तुकडे केले की झाल्या डिव्हिजन, बहुतेक वेळा ईस्ट-वेस्ट किंवा नॉर्थ-साउथ.

तुकडे करायचं कारण असं की एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संस्था, तिचा नियम होता, बारा किंवा जास्त संघ असतील आणि दोन डिव्हिजन केल्या असतील तरच एक जास्तीचा सामना, म्हणजे कॉन्फरन्सची फायनल, खेळवता येईल. एसईसीने १९९२ ला हे पहिल्यांदा केलं, बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर अलाबामाने फ्लोरिडाला २८-२१ हरवलं, आणि त्या एका सामन्यातून किती कमाई होते ते बघून बाकीच्यांनीही बारा संघ जमवायला सुरुवात केली.

आता खरी गोम बघा. सहा-सहाच्या दोन डिव्हिजन असतील तर प्रत्येक संघ आपल्या डिव्हिजनमधल्या पाचही जणांशी खेळतो आणि पलीकडच्या सहापैकी फक्त तिघांशी, एकूण आठ सामने. म्हणजे एकाच डिव्हिजनमधल्या दोन संघांच्या वाट्याला पलीकडचे तीन वेगवेगळे, एकाला सोपे तर दुसऱ्याला कठीण. आणि आठच सामने असल्यामुळे ७-१, ७-१ (सात विजय, एक पराभव) अशी बरोबरी काही आभाळातून पडत नाही, जवळजवळ दरवर्षी कुठेतरी होतेच.

दोनच संघ बरोबरीत असतील तर?

सोपं आहे. एकमेकांशी खेळले तेव्हा जो जिंकला तो वर, याला हेड-टू-हेड म्हणतात. १९९६ पासून ओव्हरटाइम आहे त्यामुळे सामना अनिर्णित राहतच नाही, आणि एका डिव्हिजनमधले संघ एकमेकांशी खेळतातच, म्हणून विषय तिथेच संपतो. २०१५ ला मिशिगन स्टेट आणि ओहायो स्टेट दोघे ७-१ होते, मिशिगन स्टेटने कोलंबसला जाऊन शेवटच्या किकवर १७-१४ जिंकलं होतं, झालं, डिव्हिजन त्यांची. कुणी एका शब्दाने तक्रार केली नाही (केली असेल, पण कोलंबसमध्येच).

आणि तिघे अडकले तर?

इथून मजा सुरू. समजा क, ख, ग असे तीन संघ बरोबरीत आहेत. क ने बाकीच्या दोघांना हरवलं असेल तर काम तमाम, क वर. एखादा दोघांकडून हरला असेल तर तो बाहेर आणि उरलेले दोघे परत पहिल्या पायरीवर, म्हणजे पुन्हा हेड-टू-हेड. पण क ने ख ला, ख ने ग ला आणि ग ने क ला हरवलं असेल तर गोल पूर्ण होतो, तिघांचं १-१, आणि मैदानावरचा निकाल तुम्हाला काहीच सांगू शकत नाही.

मग नियमपुस्तकातल्या पायऱ्या उतरायच्या. डिव्हिजनच्या आतला रेकॉर्ड कुणाचा चांगला, डिव्हिजनमधल्या चौथ्या-पाचव्या-सहाव्या संघाविरुद्ध कोण कसं खेळलं, पलीकडच्या डिव्हिजनमधले जे प्रतिस्पर्धी तिघांनाही मिळाले त्यांच्याविरुद्ध काय झालं, वगैरे. गंमत अशी की ७-१ वाले संघ दुबळ्यांना हरवतातच, म्हणूनच तर ते ७-१ असतात, त्यामुळे या मधल्या पायऱ्यांवर बहुतेक वेळा तिघेही पुन्हा सारखेच निघतात. कागदावर पाच-सहा पायऱ्या दिसतात पण प्रत्यक्षात तुम्ही जिन्यावरून घरंगळत थेट रँकिंगपर्यंत पोचता.

२००८ ला नक्की झालं तरी काय होतं?

सगळेच हे विचारतात म्हणून नीट सांगतो. बिग ट्वेल्वची साउथ डिव्हिजन, तीन संघ, टेक्सस, ओक्लाहोमा, टेक्सस टेक.

११ ऑक्टोबर, डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर टेक्ससने ओक्लाहोमाला ४५-३५ हरवलं. ओक्लाहोमा तेव्हा देशात एक नंबरवर होतं. हा सामना दरवर्षी टेक्ससच्या जत्रेत होतो, म्हणजे खरोखरच्या जत्रेत, बाहेर मोठा पाळणा, तळणीचा वास, आणि आत स्टेडियम बरोबर मध्यावर चिरलेलं, अर्धं भगव्या-नारिंगी रंगाचं आणि अर्धं किरमिजी.

१ नोव्हेंबर, लबक, म्हणजे टेक्सस टेकचं गाव. आता टेक्सस एक नंबरवर. १ मिनिट २९ सेकंद बाकी असताना टेक्सस ३३-३२ पुढे. टेक्सस टेकचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) ग्रॅहम हॅरेल पास टाकतो, बॉल उडतो आणि सरळ टेक्ससच्या ब्लेक गिडियनच्या हातात येतो. धरला असता तर सामना तिथेच संपला होता. सुटला. पुढच्याच प्लेवर, घड्याळात ८ सेकंद, हॅरेलने उजव्या साइडलाइनकडे मायकेल क्रॅबट्रीला बॉल दिला, त्याने रेषेच्या अगदी कडेला पकडला, अंगावर आलेल्याला झटकलं, दुसरा बाजूने निसटून गेला, आणि तोल सांभाळत रेषेच्या आतून तो एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, जिथे बॉल नेला की टचडाउनचे पॉइंट मिळतात. २८ यार्डांचा टचडाउन. घड्याळात १ सेकंद. ३९-३३. आमच्या हॉलमध्ये रूममेटने पोह्यांची ताटली तशीच जमिनीवर ठेवली आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन बसला, अर्धा तास आलाच नाही. तो सुटलेला बॉल पुढे किती महागात पडणार होता ते तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

२२ नोव्हेंबर, नॉर्मन. टेक्सस टेक १०-० होऊन, दोन नंबरवर, ओक्लाहोमाच्या घरी गेलं आणि ६५-२१ मार खाऊन आलं.

गोल पूर्ण. सीझन संपला तेव्हा तिघेही ११-१, कॉन्फरन्समध्ये तिघेही ७-१. हेड-टू-हेड सारखं, डिव्हिजनमध्ये तिघांचं ४-१, खालच्या सगळ्यांना तिघांनीही हरवलेलं, पलीकडच्या कॅन्ससलाही तिघांनी हरवलेलं. पाचवी पायरी, बीसीएस रँकिंगमध्ये (राष्ट्रीय फायनलला कोण जाणार हे ठरवणारी तेव्हाची क्रमवारी) जो वर तो. रविवारी, ३० नोव्हेंबरला, आकडे आले, ओक्लाहोमा ०.९३५१ आणि टेक्सस ०.९२२३. ०.०१२८ चा फरक! टेक्सस टेक तर सातव्या नंबरवर होतं, त्यांना कुणी विचारलंच नाही. त्यांचे कोच माइक लीच म्हणाले की कुठल्या कॉलेजची जास्त मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात त्यावरून ठरवा. चेष्टेत म्हणाले असतील, पण मला तरी ती पायरी बीसीएसपेक्षा वाईट वाटत नाही.

हा बीसीएसचा आकडा यायचा कुठून?

तीन भाग असायचे. कोचेसचं मतदान, हॅरिस पोल नावाचं दुसरं मतदान, आणि सहा कॉम्प्युटर रँकिंगची सरासरी (वरचं एक आणि खालचं एक काढून). २००८ ला दोन्ही मतदानांत टेक्सस आणि ओक्लाहोमा जवळजवळ चिकटलेले होते, फरक पाडला तो कॉम्प्युटरनी, कारण ओक्लाहोमाचे प्रतिस्पर्धी जास्त तगडे धरले गेले.

पण टेक्ससने ओक्लाहोमाला हरवलं होतं ना? मग सरळ अन्याय झाला की!

टेक्ससच्या गावात, ऑस्टिनमध्ये, हेच म्हणतात. ४५-३५ लिहिलेले बोर्ड तेव्हा गल्लोगल्ली दिसायचे. पण लबकवाल्याला विचारा, तो म्हणेल आम्ही टेक्ससला हरवलं त्याचं काय? आणि नॉर्मनवाला म्हणेल आम्ही लबकवाल्यांना ४४ ने हाणलं. तिघांचंही बरोबर, म्हणूनच तर भांडण मिटत नाही.

माझं मत विचाराल तर निकाल चुकीचा नव्हता, पायरी चुकीची होती. आपल्या डिव्हिजनचा विजेता ठरवायचं काम कॉन्फरन्सने बाहेरच्या मतदारांच्या आणि कॉम्प्युटरच्या हातात दिलं, आणि ते सुद्धा सीझन सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांच्या संमतीने, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता. रूममेटशी यावरून मी दोन आठवडे वाद घातला. त्याला वाटायचं मी ओक्लाहोमाचा आहे.

पुढचं थोडक्यात. ओक्लाहोमाने फायनलला मिझुरीला ६२-२१ चोपलं आणि मग राष्ट्रीय फायनलला फ्लोरिडाकडून २४-१४ हरलं. टेक्सस फिएस्टा बोल या सीझननंतरच्या सामन्याला जाऊन ओहायो स्टेटविरुद्ध २४-२१ जिंकलं आणि घरी आलं.

हेच एसईसीमध्ये झालं असतं तर?

टेक्सस गेलं असतं! एसईसीच्या नियमात एक जास्तीचं वाक्य होतं, तिघे अडकले आणि रँकिंगपर्यंत गाडी आली तर सगळ्यात वरचा संघ जाईल, पण बरोबरीतला दुसरा संघ त्याच्यापासून पाच किंवा कमी जागांवर असेल तर त्या दोघांचा आपसातला सामना बघायचा. ओक्लाहोमा दोनवर, टेक्सस तीनवर, म्हणजे ४५-३५. तेच तीन संघ, तेच निकाल, फक्त नियमपुस्तक दुसरं, आणि विजेता बदलला. कुणी म्हणालं की ‘खरा’ चॅम्पियन कोण हे उघड आहे, की मी हे उदाहरण देतो.

आणि गंमत, दोनच वर्षांनी, २०१० ला, त्याच डिव्हिजनमध्ये परत तिघे अडकले, ओक्लाहोमा, ओक्लाहोमा स्टेट आणि टेक्सस ए अँड एम, तिघे ६-२. परत गोल, परत बीसीएस, परत ओक्लाहोमा.

नेट रन रेटसारखं काहीतरी ठेवायला काय होतं?

आयपीएल बघणारा प्रत्येक माणूस हे विचारतो. अमेरिकेत कॉलेजच्या खेळात किती फरकाने जिंकलात हे मोजायची फार नाखुशी आहे. कारण सरळ आहे, फरक मोजला की तगडा संघ शेवटच्या मिनिटापर्यंत दुबळ्याला तुडवत राहणार, आणि समोर शेवटी वीस-बावीस वर्षांची पोरं असतात. बीसीएसने तर २००२ पासून कॉम्प्युटरना फरक बघायलाच बंदी केली होती.

पण मतदारांच्या डोळ्यांवर कोण पट्टी बांधणार? २००८ ला ओक्लाहोमाने सलग पाच सामन्यांत ६० च्या वर पॉइंट केले, त्यातले चार टायब्रेकर लागायच्या आधी. ते काही निव्वळ हौसेने केले असतील असं मला वाटत नाही. आता एसईसीच्या नव्या नियमांत, अगदी खालच्या पायरीवर, पॉइंटचा फरक आलाय, पण मर्यादा घालून, म्हणजे एका ठरावीक आकड्यापुढे कितीही मारलं तरी उपयोग नाही.

आणि आपण क्रिकेटवाल्यांनी फार शहाणपणा शिकवू नये. २०१९ च्या वर्ल्ड कपची फायनल लॉर्ड्सवर बरोबरीत, सुपर ओव्हरही बरोबरीत, आणि शेवटी इंग्लंडचे चौकार-षटकार २६ आणि न्यूझीलंडचे १७ म्हणून कप इंग्लंडला. नियम आधीच लिहिलेला होता. वाचला कुणी होता?

कॉन्फरन्सबाहेरचे सामने धरतात का?

डिव्हिजनसाठी नाही, आणि इथेच निम्मे लोक चुकतात. २०१६ ला बिग टेनच्या ईस्टमध्ये पेन स्टेट आणि ओहायो स्टेट दोघे ८-१. पेन स्टेट बाहेरच्या पिट्सबर्गकडून ४२-३९ हरलं होतं, शिवाय मिशिगनकडून ४९-१० असं लाजिरवाणं हरलं होतं, तरी ओहायो स्टेटला त्यांनी २४-२१ हरवलेलं (ओहायो स्टेटची फील्ड गोलची किक अडवली आणि ग्रँट हेली तो बॉल घेऊन शेवटपर्यंत पळाला), म्हणून डिव्हिजन पेन स्टेटची. पिट्सबर्गचा सामना हिशोबात नाहीच.

फक्त रँकिंगवाल्या पायरीवर पोचलात की बाहेरचे सामने मागच्या दाराने आत येतात, कारण रँकिंग करणारे सगळं बघतात.

डिव्हिजन जिंकली म्हणजे प्लेऑफ नक्की?

नाही हो. प्लेऑफ म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवायची बाद फेरी. वरच्याच वर्षी पेन स्टेटने फायनलला विस्कॉन्सिनला ३८-३१ हरवून बिग टेन जिंकली, आणि तेव्हाच्या चार जणांच्या प्लेऑफला बोलावलं कुणाला, तर ओहायो स्टेटला. तिथे क्लेम्सनने त्यांना ३१-० धुतलं. पेन स्टेटवाले अजून हा स्कोअर सांगताना हसतात.

पहिला आलेला संघ फायनलला जात नाही असं होतं का?

होतं, संघावर बंदी असेल तर, आणि मला हे किस्से टायब्रेकरपेक्षा जास्त आवडतात. २०१२ ला ओहायो स्टेट १२-०, एकही सामना हरलं नाही, पण एनसीएएची शिक्षा. दुसरं पेन स्टेट, त्यांच्यावरही शिक्षा. मग तिसऱ्या नंबरचं विस्कॉन्सिन, कॉन्फरन्समध्ये ४-४, फायनलला गेलं आणि नेब्रास्काला ७०-३१ असं काही धुतलं की विचारू नका. चॅम्पियन!

त्याच वर्षी एसीसीच्या कोस्टल डिव्हिजनमध्ये जॉर्जिया टेक, मायामी आणि नॉर्थ कॅरोलिना तिघे ५-३. टायब्रेकर काढायची वेळच आली नाही, नॉर्थ कॅरोलिनावर बंदी होती आणि मायामीने स्वतःच स्वतःवर घालून घेतली, उरलं कोण तर ६-६ वालं जॉर्जिया टेक. त्याच्या आदल्या वर्षी पश्चिम किनाऱ्याच्या पॅक-ट्वेल्व कॉन्फरन्समध्ये यूसीएलए यूएससीकडून ५०-० हरलं आणि पुढच्याच आठवड्यात कॉन्फरन्सची फायनल खेळायला उतरलं, कारण यूएससीवर बंदी होती.

हा नियमही लक्षात ठेवा, अपात्र संघ फायनलला जाऊ शकत नाही, पण त्याच्याशी झालेले तुमचे सामने तुमच्या रेकॉर्डमध्ये राहतात.

नाणेफेकीवर ठरतं हे खरं का?

बहुतेक नियमपुस्तकांत सगळ्यात शेवटी चिठ्ठी किंवा नाणं असतंच. पण मोठ्या कॉन्फरन्समध्ये गाडी तिथवर जाताना मी तरी पाहिलेली नाही.

नाण्यापेक्षा वाईट गोष्ट १९७३ ला झाली, डिव्हिजन वगैरे नव्हत्या तेव्हा. मिशिगन आणि ओहायो स्टेट १०-१० बरोबरीत सुटले, दोघेही त्या सीझनला अजिंक्य, आणि रोझ बोल या सीझननंतरच्या मोठ्या सामन्याला कोण जाणार हे बिग टेनच्या कॉलेजांच्या क्रीडा संचालकांनी मतदानाने ठरवलं, ६-४ ने ओहायो स्टेट. मिशिगनचे कोच बो शेम्बेकलर यांचा राग त्यानंतर कधी गेलाच नाही. नाणं परवडलं, निदान नाण्याचा कुणावर राग धरता येत नाही.

आता डिव्हिजन दिसत का नाहीत?

कारण जवळजवळ सगळ्यांनी काढून टाकल्या. मे २०२२ मध्ये एनसीएएने डिव्हिजनची अट काढली, पॅक-ट्वेल्वने लगेच त्याच सीझनला त्या मोडल्या, एसीसीने २०२३ ला, एसईसी आणि बिग टेनने २०२४ ला. कारण हेच की एका डिव्हिजनमध्ये दोन दादा आणि दुसरीत कुणीच नाही, मग फायनल एकतर्फी. एसीसीच्या कोस्टलचं तर असं झालं होतं की २०१३ ते २०१९ या सात वर्षांत सातही संघ एकेकदा जिंकले, ड्यूकपासून व्हर्जिनियापर्यंत. हसतात लोक, पण मला ती डिव्हिजन फार आवडायची.

सन बेल्ट या लहान कॉन्फरन्सने मात्र ईस्ट-वेस्ट ठेवल्या. २०२३ ला तिथे जेम्स मॅडिसन ७-१ ने ईस्टमध्ये पहिलं आलं, पण वरच्या पातळीवर नवीन म्हणून अपात्र, आणि फायनलला गेलं ॲपलाचियन स्टेट.

म्हणजे टायब्रेकरची कटकट संपली?

उलट वाढली! डिव्हिजन असताना निदान बरोबरीतले संघ एकमेकांशी खेळलेले तरी असायचे. आता सोळा ते अठरा संघांचं एकच टेबल, वरचे दोन फायनलला, आणि सामने आठ-नऊ, म्हणजे बरोबरीतल्या निम्म्यांची गाठच पडलेली नसते. २०२४ ला बिग ट्वेल्वमध्ये चार संघ ७-२ वर होते, त्यातून ॲरिझोना स्टेट आणि आयोवा स्टेट निघाले. २०२५ ला एसीसीमध्ये दुसऱ्या जागेसाठी पाच संघ ६-२, त्यात मायामी होतं, एकूण १०-२, आणि फायनलला गेलं ड्यूक, एकूण ७-५. का? तर ड्यूकच्या कॉन्फरन्समधल्या प्रतिस्पर्ध्यांचा एकत्र रेकॉर्ड सरस निघाला म्हणून. ड्यूकने व्हर्जिनियाला ओव्हरटाइममध्ये २७-२० हरवून एसीसी जिंकली पण प्लेऑफला कुणी बोलावलं नाही, आणि मायामी मागच्या रांगेतून प्लेऑफला जाऊन थेट राष्ट्रीय फायनलपर्यंत पोचलं.

शेवटच्या आठवड्यात हिशोब स्वतः कसा करायचा?

कॉन्फरन्सच्या साइटवरून त्या वर्षीचा नियम उघडा, मागच्या वर्षीचा नको, हे लोक दरवर्षी बदलतात. कॉन्फरन्समधले पराभव तेवढे मोजा, एकूण रेकॉर्ड झाकून ठेवा. मग बरोबरीतल्यांची नावं कागदावर गोल काढून लिहा आणि जिंकणाऱ्याकडून हरणाऱ्याकडे बाण काढा. सगळे बाण एकाच्याच बाहेर निघत असतील तर प्रश्न सुटला. बाण गोल फिरत असतील तर चहा ठेवा. आणि एक संघ गळाला की बाकीचे परत पहिल्या पायरीवर जातात की आहे तिथूनच पुढे उतरतात हे वाक्य दोनदा वाचा, टीव्हीवरची मंडळीसुद्धा तिथेच घसरतात.

तुमच्या त्या रूममेटचं पुढे काय झालं?

बरा आहे, ह्यूस्टनला असतो, दोन मुली आहेत. गेल्या दिवाळीला फोनवर मी सहज ब्लेक गिडियनचं नाव घेतलं तर म्हणाला, अरे मीठ नव्हतं त्या पोह्यांत.